लॉकडाऊन आणि कॉलेजची लायब्ररी: आम्ही 'ऑनलाइन' गेलो म्हणजे नक्की कुठं गेलो?

दाखलनोंद (सांगली) | १२ ऑगस्ट, सकाळी ७.४०

आज बारा ऑगस्ट, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, म्हणून आमचा ग्रंथपाल दिन. पहाटेपासून व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची पाच सूत्रं आणि गुलाबाची फुलं यायला लागलीत. त्यातच एका गटावर 'महामारीत ग्रंथालयांची डिजिटल क्रांती' असा लांबलचक लेख येऊन पडला. वाचता वाचता चहा गार झाला. क्रांती झाली त्या दिवशी मी रजेवर असणार बहुतेक. म्हणून हा धागा काढतोय.

मी सांगलीतल्या एका अनुदानित कॉलेजचा ग्रंथपाल. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढं थोडं रडगाणं आहे.

आमची गोष्ट मार्च २०२० ऐवजी ऑगस्ट २०१९ पासून सांगावी लागते. महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा गेली ५७ च्या वर. पाणी तळमजल्यात शिरणार हे दिसल्यावर पोरं, शिपाई, प्राध्यापक अशी जिन्यात साखळी करून आम्ही पुस्तकं वर नेली. त्या घाईत वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय आणि जागा सांगणारा आकडा, कोण बघतो? अर्थशास्त्राच्या डोक्यावर कविता, कवितेवर बांधीव मासिकं. पूर ओसरल्यावर नगर वाचनालयाची भिजलेली पुस्तकं बघितली तेव्हा आपली निदान कोरडी आहेत म्हणून हायसं वाटलं. पण परत लावायचं काम मार्चपर्यंत अर्ध्यावरच होतं. तेवढ्यात २२ मार्चचा जनता कर्फ्यू, २५ पासून टाळेबंदी. त्यातून त्याच आठवड्यात इस्लामपुरात रुग्ण वाढले, त्यामुळं जिल्ह्यात बंदोबस्त जरा जास्तच कडक.

म्हणजे पुस्तकं आत, पोरं बाहेर, आणि कुठलं पुस्तक कुठं आहे ते फक्त माझ्या आणि आमच्या परिचर मामांच्या डोक्यात.

आता ते 'ऑनलाइन'. एन-लिस्ट नावाची सेवा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्रानं, २०१० लाच सुरू केली. टाळेबंदीच्या सुमारास अनुदानित कॉलेजनं वर्षाला पाच हजार आणि वर जीएसटी भरला की सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखांनी ई-पुस्तकं मिळायची. प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड, घरूनही चालतं. तेव्हा टाळेबंदीच्या आधी दहा वर्षं आमचं ग्रंथालय कागदोपत्री ऑनलाइनच होतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात दरवर्षी तसं लिहीत होतो. वापरणारे कोण, तर पीएच.डी.वाले चार प्राध्यापक आणि चाचणी म्हणून मी.

एप्रिलमध्ये प्राचार्यांचा फोन आला, सगळ्या मुलांना पासवर्ड द्या. प्रवेशाच्या यादीतून ई-मेल पत्ते घेतले, एक्सेलमध्ये भरले, अपलोड केले. सिस्टीम म्हणाली, पत्ते दुबार आहेत. बघतो तर त्रेचाळीस मुलांच्या नावापुढं एकच पत्ता! प्रवेश अर्ज स्टँडजवळच्या नेट कॅफेतून भरलेले आणि कॅफेवाल्यानं सगळीकडं स्वतःचा मेल टाकलेला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडनं एक मेल आलता, मी म्हटलं लॉटरीचा असंल, उडवला."

मग एकेका पोराला फोन. मेल कसा उघडायचा, पासवर्ड कुठं ठेवायचा, कॅपिटल अक्षर म्हणजे काय. दिवसाला पंधरा-वीस फोन. दोन आठवड्यांनी बऱ्याच जणांना लॉगिन मिळालं आणि बीए दोनमधल्या एका मुलीचा फोन आला. आवाजात अजिबात तक्रार नव्हती, नुसतं कुतूहल. "सर, मी सगळं बघितलं. ह्यात मराठी कुठंय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याकडची नव्वद टक्के पोरं मराठीतून शिकतात. त्यांना हवं असतं मागच्या पाच वर्षांचे प्रश्नपत्रिकांचे संच, नेमलेलं पाठ्यपुस्तक आणि सरांनी सांगितलेलं एखादं संदर्भाचं प्रकरण. यातलं एकही त्या लाखांत नव्हतं.

म्हणून मी पास काढून, तोंडाला रुमाल बांधून लायब्ररीत जायला लागलो. फोनवर मामांना विचारायचं, "मामा, ग्रामीण समाजशास्त्र कुठं ठेवलंय?" ते घरातनं डोळे मिटून सांगायचे, "सेमिनार हॉल, खिडकीकडचं कपाट, मासिकांच्या मागं." पुस्तक काढायचं, टेबलावर पसरून मोबाइलच्या कॅमस्कॅनरनं पानं टिपायची, पीडीएफ करून पाठवायची. २९ जूनला सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात कॅमस्कॅनरही गेलं. माझी क्रांती तिथं एक दिवस थांबली होती.

प्रश्नपत्रिकांचं मात्र काम मनापासून केलं. धुळीतले गठ्ठे काढून विषयवार स्कॅन केले, गूगल ड्राइव्हवर लावले. ऑक्टोबरात अंतिम वर्षाची परीक्षा झाली ती बहुपर्यायी. सगळे वर्णनात्मक पेपर एका रात्रीत निरुपयोगी!

शेवटी एक चित्र सांगतो. १५ फेब्रुवारी २०२१ ला कॉलेजं निम्म्या हजेरीनं उघडली आणि पुस्तकं परत यायला लागली. आलेलं पुस्तक आम्ही तीन दिवस वेगळ्या टेबलावर ठेवायचो. एका मुलानं आणलेलं पुस्तक कडक झालेलं, पापडासारखं. म्हणाला, "आईनं प्रत्येक पान सॅनिटायझरनं पुसलंय सर, काळजी करू नका." आमचा जांभळा शिक्का पानभर पसरला होता, दाखल क्रमांकाची (पुस्तकाचा आमच्या नोंदवहीतला नंबर) शाई उतरून पलीकडच्या पानावर उलटी उमटली होती. पुस्तक कामातून गेलेलं. दंड घ्यायला तोंड उघडेना.

तर असं आमचं ऑनलाइन. निम्मं फोनवर, निम्मं मोटारसायकलवर. तुमच्याकडं काय झालं? सातारा-सांगलीकडच्या लोकांनी जरूर लिहा, बाकीच्यांचंही स्वागत.

---

कंदीपेढा (सातारा) | सकाळी ९.१५

सर नमस्कार, धागा आवडला. वाचनखूण साठवली. मीही ग्रंथपालच, साताऱ्याच्या एका कॉलेजात.

तुम्ही सर्टिफिकेटचा विषय कसा काय सोडलात? मे-जून २०२० मध्ये आमच्या व्यवसायात जो काही प्रकार झाला त्याला माझ्याकडं 'प्रमाणपत्रांचा पूर' असंच नाव आहे. प्रत्येक लायब्ररीची एक प्रश्नमंजूषा. गूगल फॉर्ममध्ये दहा-वीस प्रश्न, 'रंगनाथन यांचा जन्म कुठं झाला', साठ टक्के मिळाले की रंगीत ई-सर्टिफिकेट मेलवर. लोक दिवसाला चार-चार सोडवत होते. मी स्वतः ६१ मिळवलीत, खोटं कशाला बोलू. त्यातल्या एकात माझं नाव 'कुमारी' होऊन आलंय, मला दोन मुलं आहेत.

आम्हीही एक घेतली, कारण वरून विचारणा झाली की 'लॉकडाऊनमध्ये ग्रंथालयानं कोणते उपक्रम राबवले, पुराव्यासह'. पुरावा म्हणजे स्क्रीनशॉट. रोज फोनवर पोरांना शिकवलं त्याचा स्क्रीनशॉट कुठून आणू? वेबिनारला नव्वद जणांचे काळे चौकोन दिसतात, त्याचा मस्त येतो.

मराठीचं मात्र मला थोडं वेगळं सांगायचंय. अगदीच काही नव्हतं असं नाही. आमच्या वाईत, तर्कतीर्थांनी जिथं मराठी विश्वकोश उभा केला तिथले वीसही खंड केव्हाच आंतरजालावर आलेत. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते शोधगंगा, इन्फ्लिबनेटचाच पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा. तिथं शिवाजी विद्यापीठातले मराठीतून लिहिलेले प्रबंध आहेत. प्रबंधाचं दुसरं-तिसरं प्रकरण म्हणजे बहुतेक वेळा विषयाची सुटसुटीत ओळख असते. एमएच्या मुलांना मी ती प्रकरणं काढून द्यायची. मुलं म्हणायची, मॅडम हे गाइडपेक्षा बरं आहे.

पण हे सगळं विखुरलेलं. मी गूगल साइटवर एक साधं पान केलं, विषयवार दुवे लावले. बाकी डिझाइन बिझाइन काही नाही. ते पान अजून चालू आहे आणि लॉकडाऊनमधलं माझं खरं काम तेवढंच, असं मी समजते. ६१ सर्टिफिकेटं फायलीत आहेत.

---

स्पष्टवक्ता_मिरजकर | सकाळी १०.०२

कौतुक सोहळा छान चालू आहे. एका पालकाचा प्रश्न. २०२०-२१ च्या फीमध्ये 'ग्रंथालय शुल्क' घेतलं होतं, पावती आहे माझ्याकडं. लायब्ररी वर्षभर बंद. माझ्या मुलाला एकही पुस्तक मिळालं नाही, एकही फोन आला नाही. ग्रंथपालांचा पगार मात्र चालू. ह्याला काय म्हणायचं?

---

दाखलनोंद | सकाळी १०.३५

@कंदीपेढा मॅडम, शोधगंगेचं आम्हाला सुचलं नाही. कबूल.

@स्पष्टवक्ता_मिरजकर, रागवत नाही, प्रश्न रास्त आहे. पगार चालू होता, पूर्ण मिळाला. एन-लिस्टची वर्गणी, दैनिकांची बिलं, सॉफ्टवेअरची देखभाल हे खर्चही चालूच असतात, पण ते शुल्क ठेवायचं का परत द्यायचं हा निर्णय ग्रंथपालाच्या हातात नसतो. तुमच्या मुलाला फोन आला नाही, ही मात्र त्या ग्रंथपालाची चूक, आणि माझ्याही हातून अशी मुलं सुटली. ज्यांचा नंबर बंद लागला त्यांना मी दोनदा फोन करून सोडून दिलं. नंतर कळलं की त्यातल्या कित्येकांकडं रिचार्ज नव्हता.

---

ओपॅक_बंद_आहे | सकाळी ११.२०

अभियांत्रिकी कॉलेजमधून. आमची अडचण दाखलनोंद सरांच्या बरोब्बर उलट. आमचं सगळं इंग्रजीत, सगळं डिजिटल, वर्गणी लाखांत. आणि तरी बंद!

सांगतो कसं. महागडी जर्नलं बहुतेक 'आयपी'वर चालतात. म्हणजे प्रकाशकाचा सर्व्हर माणूस ओळखत नाही, कॉलेजच्या इंटरनेटचा पत्ता ओळखतो. कॅम्पसच्या वायफायवर असाल तर दार उघडं, गेटबाहेर चहाच्या गाड्यावर गेलात की बंद. २५ मार्चपासून आख्खं कॉलेजच चहाच्या गाड्यावर. घरबसल्या बघण्यासाठी निमबस, मायलॉफ्ट असल्या सेवा होत्या, इन्फ्लिबनेटचं 'इन्फेड' होतं, पण आम्ही कधी घेतलं नव्हतं, कारण 'पोरं इथंच हॉस्टेलवर असतात की'. मग धावपळ. प्रकाशकांना मेलवर मेल. काहींनी आपणहून काही महिने दारं उघडी ठेवली. केंब्रिजनं पाठ्यपुस्तकं फुकट वाचायला ठेवली आणि गैरवापर होतोय म्हणून थोड्याच दिवसांत मागं घेतली, हे आठवत असेल.

आता कोहाचा किस्सा. कोहा म्हणजे आमचं सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलेलं, माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. सर्व्हर लायब्ररीतच, टेबलाखाली. टाळेबंदी लागल्यावर सुरक्षारक्षकानं शहाणपणा करून इमारतीचा मेन स्विच पाडला, आग लागायला नको म्हणून. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. यूपीएस संपला, सर्व्हर बसला. पास मिळवून तिथवर पोचायला नऊ दिवस लागले. ओपॅक म्हणजे आमची ऑनलाइन पुस्तकसूची, तीही बंद. माझा आयडी त्याच दिवशी ठेवला.

आणि खरी मजा पुढं. कॉलेज उघडलं, पहिला मुलगा नो ड्यूजला आला, स्क्रीनवर दंड ६३० रुपये. दुसऱ्याला ९४५. कोहाला महामारी कळत नाही, त्याला सुट्ट्यांचं कॅलेंडर भरून द्यावं लागतं. आम्ही दिवाळी, गणपती भरलेले, टाळेबंदी कोण भरणार? सर्व्हर बिचारा रोज रात्री इमानेइतबारे दंड लावत बसलेला. ते सगळं पुसण्यात एक आठवडा गेला. एका मुलीनं तोवर भरूनही टाकले होते, तिला परत देताना कॅशियरनं विचारलं, "कुठल्या हेडखाली?"

---

भडंगप्रेमी | सकाळी ११.४१

'कुठल्या हेडखाली' 😂 मेलो.

---

रॅकमागचा (सातारा जिल्हा) | दुपारी १.१०

मी ग्रंथपाल न्हाई, लायब्ररीत परिचर हुतो. कंत्राटी. लिव्हण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

सगळे लॉगिन आन् पासवर्डचं बोलत्यात, पुस्तकांचं काय झालं ते कुणी इचारत न्हाई. बंद खोलीत पावसाळा गेल्यावर पुस्तकांचं काय हुतं ते सांगतो. आमच्याकडं पाऊस मरणाचा. जूनला मॅडमनी सांगितलं, आठवड्यातनं दोनदा जाऊन या. गेलो तर दार उघडल्या उघडल्या वास. कापडी बांधणीच्या पुस्तकांवर पांढरी बुरशी, हात लावला की भुकटी. बुरशी ओल्या फडक्यानं पुसायची नसती, आत जिरती. कोरड्या फडक्यानं पुसायची, ती बी खोलीभाईर नेऊन, न्हाईतर उडून दुसऱ्यावर बसती. पंखे दोन तास, खिडक्या उघड्या, ऊन आसंल तेवढंच. भिंतीला टेकलेली कपाटं ईतभर पुढं ओढली. वाळवी जमिनीकडनं चढती, म्हणून खालचा कप्पा मोकळा केला. डांबरगोळ्या मिळंनात, दुकानं बंद, मग कडुलिंबाचा वाळका पाला. त्यानं कसर किती गेली ठाव न्हाई, वास तेवढा गेला.

हे सगळं एप्रिलपास्नं पगार न घेता. संस्थेनं सांगितलं, काम बंद तर कंत्राट बंद. कुठली संस्था ते सोडा. दिवसा भाजीचा गाडा लावायचो, मंगळवार-शनिवार लायब्ररी. मॅडमनी सोताच्या खिशातनं दोनदा पैसं दिलं. तिसऱ्यांदा मीच घेतलं न्हाई.

आता तिथं न्हाई मी. पण परवा गेलतो, कापडी पुस्तकं हायत.

---

कंदीपेढा | दुपारी १.३२

दादा, तुमच्या प्रतिसादासाठी हा धागा काढला गेला असं समजते. ते ओल्या फडक्याचं आम्हाला बी.लिब.ला एका ओळीत शिकवलं होतं, मी विसरले होते आणि आमची अकरा-बारा पुस्तकं त्यानंच गेली.

---

स्पष्टवक्ता_मिरजकर | दुपारी १.५०

दादांना नमस्कार. माझा वरचा सूर तुमच्यासाठी नव्हता. प्रश्न मात्र कायम आहे. आमच्याकडून शुल्क घेतलं आणि तुम्हाला पगार नाही, मग मधले पैसे गेले कुठं?

---

विश्रामबागचा_परदेशी | सायंकाळी ६.०५

इकडं आत्ता उजाडतंय. मूळ सांगलीचा, आता अमेरिकेत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी. इकडची दोन-तीन गोष्टी सांगतो.

एक, ते तीन दिवसांचं. ग्रंथालयांची सहकारी संस्था ओसीएलसी, बॅटेल ही संशोधन संस्था आणि ग्रंथालयांना निधी देणारी इकडची सरकारी संस्था आयएमएलएस यांनी मिळून 'रिअल्म' नावाचा प्रकल्प केला होता. पुस्तकाची कव्हरं, बंद पुस्तकातली पानं वगैरेंवर विषाणू किती टिकतो ते प्रयोगशाळेत बघितलं. जून २०२० च्या पहिल्या निकालात तीन दिवसांनी तो सापडेना, म्हणून बऱ्याच ठिकाणी ७२ तास धरले गेले. नंतर एकावर एक रचून ठेवलेल्या पुस्तकांवर तो जास्त टिकलेला दिसला. तेव्हा आमच्याकडं परत आलेली पुस्तकं रचायची नाहीत, पसरून ठेवायची, असा नियम आला. मीटिंग रूम, कँटीन, सगळीकडं पुस्तकं पसरलेली. आजीच्या गच्चीवरच्या सांडग्यांची आठवण यायची. पुढं कळलं की संसर्ग मुख्यतः हवेतून होतो, पृष्ठभागावरून फार कमी, आणि ते सगळं बंद झालं.

दोन, हाथीट्रस्ट. नावात हत्ती आहे, तो आपलाच. अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांनी मिळून केलेला स्कॅन पुस्तकांचा साठा. ३१ मार्च २०२० ला त्यांनी तात्पुरती सोय केली. तुमच्या ग्रंथालयाकडं छापील प्रत असेल आणि ती टाळेबंदीत अडकली असेल, तर तिच्या बदल्यात तुमच्या एका वाचकाला स्कॅन प्रत वाचता येईल. जितक्या प्रती, तितके वाचक. सरळ हिशेब. आमच्या विद्यापीठाचा संशोधन विभाग त्यावर तरला.

उलट स्कॅन पुस्तकं ऑनलाइन उसनी देणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या इकडच्याच संस्थेनं २४ मार्चला आपल्या सुमारे १४ लाख पुस्तकांवरची प्रतीक्षायादीच काढून टाकली. कोणीही, कितीही जणांनी एका वेळी वाचा. एक जूनला प्रकाशकांनी खटला भरला, १६ जूनला ती सोय बंद झाली, आणि शेवटी अर्काइव्ह हरलं, अपिलातसुद्धा.

तर दाखलनोंद काका (तुम्ही मला काका म्हणाल कदाचित!), तुम्ही जी पानं टिपून पाठवत होता, त्याचं कायद्यानं काय?

---

दाखलनोंद | सायंकाळी ७.२०

नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

खरं सांगतो. एखादं प्रकरण पाठवत होतो तोवर मनाला समजावलं, अध्यापनासाठी आहे, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तेवढी सवलत आहे, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या खटल्यात २०१६ ला उच्च न्यायालयानंही विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला होता. पण ऑगस्टात बीए तीनचं नेमलेलं एक पुस्तक पोरांना कुठंच मिळेना. दुकानं अर्धी बंद, एसटी बंद. मी प्रकरण एक पाठवलं, मग दोन, मग तीन. महिन्याभरात आख्खं पुस्तक गटावर गेलं होतं. कधी सीमा ओलांडली ते मला कळलंच नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. कळलं होतं.

पंधरा दिवसांनी त्या प्रकाशकाचा फोन. आपल्याच भागातला, वर्षाला दहा-बारा पुस्तकं काढणारा, स्वतः स्कूटरवरून गठ्ठे आणून देणारा माणूस. ओरडला नाही. म्हणाला, "सर, तुमची पीडीएफ मला पाच कॉलेजांतनं परत आली. त्यात पान ४० वर तुमचा अंगठा आलाय."

मी पीडीएफ उघडून बघितली. आला होता. सॅनिटायझरनं सालपटं निघालेला.

गटावरून ते काढलं, पण एकदा गेलेलं कुठं परत येतं. पुढच्या वर्षी त्याच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती बुक बँकेसाठी मागवल्या, खरेदी समितीत भांडून. त्यानं त्याची भरपाई झाली असं नाही. आता तो फोन उचलतो, एवढंच.

तुमच्या हाथीट्रस्टसारखं मराठीत करायचं तर आधी स्कॅन साठा हवा. आपल्याकडं लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे, ते मिळतंही. अभ्यासक्रमाला मात्र आजचे लेखक असतात, आणि त्यांचे छोटे प्रकाशक ई-पुस्तक काढायला घाबरतात, माझ्यासारख्यांच्या अंगठ्यामुळं.

---

ओपॅक_बंद_आहे | सायंकाळी ७.४४

अंगठ्याचं वाचून बायकोला वाचून दाखवलं. 'जितक्या प्रती तितके वाचक' हे एखाद्या विद्यापीठानं स्वतःच्या प्रकाशनांपासून सुरू केलं तरी पुष्कळ. कोणाशी बोलून बघू का? मी गंभीरपणे विचारतोय.

---

माणगंगेचा_पोरगा | रात्री ९.३०

मी तेव्हा बीए एकला होतो. गाव आटपाडीकडं. तुम्ही सगळे पाठवत होता, त्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते सांगतो.

घरात एक स्मार्टफोन, भावंडं तीन. दिवसाला दीड जीबी. त्यात भावाची दहावी, म्हणून पहिला मान त्याचा. माझी पाळी रात्री दहाला. रेंज पाण्याच्या टाकीजवळ. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी प्रश्नपत्रिकांची एक पीडीएफ टाकली होती, ८० एमबीची. तीन रात्री डाउनलोड होता होता तुटली. चौथ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी एक-एक पेपर वेगळा करून फोटो पाठवले. तेवढं कळायला फोन करावा लागला बघा.

एन-लिस्ट काय असतं ते मला आज कळलं.

आणि एक कबुली. १६ मार्चला मी लायब्ररीतनं राज्यशास्त्राचं एक पुस्तक नेलं होतं. कॉलेज फेब्रुवारीत उघडलं तेव्हा मी ऊसतोडीला गेलेल्या चुलत्यांकडं होतो. मग दुसरी लाट, मग बाहेरून परीक्षा देत पदवी झाली. नो ड्यूज कोणी विचारलं नाही. पुस्तक अजून माझ्याकडं आहे. धाकटी बहीण आता त्याच्यावरच अभ्यास करते. दंड किती झाला असेल?

---

दाखलनोंद | रात्री ९.५२

बाळ, दंड विसर. ओपॅक_बंद_आहे सरांच्या कोहाला विचारू नकोस फक्त.

पहिल्या पानावर शिक्का असेल, त्यात दाखल क्रमांक. तेवढा टाक इथं.

---

माणगंगेचा_पोरगा | रात्री १०.०८

शिक्का जांभळा पसरलाय सर. आमच्या आईनं पण तेच केलं होतं. पहिला आकडा ३ आहे, पुढचं ७ का १ कळत नाही.

---

दाखलनोंद | रात्री १०.११

आत आणखी एका ठरलेल्या पानावर तोच क्रमांक हातानं लिहिलेला असतो, आम्ही त्याला गुप्त पान म्हणतो. पहिलं पान कोणी फाडलं तरी पुस्तक आपलं म्हणून सिद्ध करता यावं यासाठी. प्रत्येक लायब्ररीचं पान वेगळं. तुमच्या मॅडमचं कुठलं ते मला माहीत नाही. चाळ.

---

माणगंगेचा_पोरगा | रात्री १०.२६

सापडलं, पान ५१. पेननं लिहिलंय, ३७२१८. बहीण म्हणतेय तिची परीक्षा ऑक्टोबरात आहे, तोवर राहू दे का?

---

कंदीपेढा | रात्री १०.३०

मी तुमच्या मॅडमना ओळखते. उद्या फोन करते. नोव्हेंबरची तारीख टाकून घेऊ.